गर्भाशय गेल्यानंतरची वर्षे

मा. जिल्हा शल्यचिकित्सक, धाराशिव यांस,



खाजगी अर्जाने मांडता आला असता असा मजकूर मी जाहीर पत्राने मांडीत आहे. याचे कारण इतकेच की, ज्या स्त्रियांच्या वतीने तो मांडावयाचा आहे त्यांपैकी कित्येकींना आपली तक्रार कोणत्या कचेरीत आणि कोणत्या शब्दांत सांगावी हे ठाऊक नाही. आणि ती तक्रार शरीराच्या अशा भागाची आहे की घरात सासूपुढे, दारात शेजारणीपुढे, इतकेच नव्हे तर दवाखान्यात डॉक्टरांपुढेही तिचा उच्चार पदर तोंडाशी नेल्यावाचून होत नाही. जी गोष्ट बोलली जात नाही तिची नोंद होत नाही, आणि जिची नोंद होत नाही तिच्यासाठी सरकारी दप्तरात ना औषध मंजूर होते ना मनुष्यबळ. ती एकदा उघडपणे छापली जावी, आपल्या नजरेस यावी, आणि वाचणाऱ्या एखाद्या स्त्रीला हे दुखणे केवळ आपल्याच वाट्याचे नाही एवढे कळावे, हा या पत्राचा हेतू आहे.

मी कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिक्षिका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. माझे स्वतःचे गर्भाशय पस्तिशी उलटल्यावर, दर महिन्याच्या अतिरक्तस्रावाने अंगातील रक्त पार उतरले असता, एका खाजगी रुग्णालयात काढण्यात आले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, रक्तस्राव थांबला, पायांत बळ आले, आणि पुढे कित्येक वर्षे मला शरीराच्या त्या भागाची आठवणही राहिली नाही. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते शस्त्रक्रियेविरुद्धचे गाऱ्हाणे समजू नये. कर्करोग असेल, न आवरणारा रक्तस्राव असेल, औषधांना दाद न देणारी मोठी गाठ असेल, तर गर्भाशय काढणे हाच योग्य उपाय ठरू शकतो, आणि त्याने अनेकींचे प्राण वाचले आहेत. माझी कैफियत शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांविषयी आहे. ज्या वर्षांत टाके कधीच विरघळून गेलेले असतात, शल्यविशारदाला रुग्णाचे नावही आठवत नाही, आणि शरीर मात्र त्या एका दिवसाचा हिशेब सावकाश मांडू लागते.

अशा स्त्रिया किती असाव्यात, याचा अंदाज ऊसतोडीच्या प्रदेशावरून येतो. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस मांजरा नदी ही बीड जिल्ह्याची सीमा आहे. परंतु ऊसतोडीच्या टोळ्यांना ती सीमा कधीच नव्हती. दसरा झाला की जसे पलीकडील केज, धारूर, वडवणीचे लोक बिऱ्हाड उचलतात तसेच अलीकडील कळंब, वाशी, भूम, परंड्याचेही उचलतात, आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांवर, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत, एकमेकांच्या कोप्यांशेजारी कोप्या घालून राहतात. म्हणून २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण जेव्हा उघडकीस आले, तेव्हा नदीच्या अलीकडे आम्हांला त्यात नवल वाटले नाही, फक्त कुणीतरी ते मोजले याचे समाधान वाटले. त्या वर्षीच्या जूनमध्ये विधान परिषदेत तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की मागील तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांतून ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत हेच प्रमाण ३.२ टक्के होते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या सतरांचा अर्थ कळतो.

त्यानंतर सरकार हलले नाही असे कोणी म्हणू नये. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी आपल्याच पदावरील अधिकाऱ्यांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. २०२२ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर देखरेख समित्या असाव्यात असे ठरविले. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील प्रकारांबाबत २०१३ साली केलेल्या याचिकेचा निकाल ५ एप्रिल २०२३ रोजी लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने या सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांच्या मुदतीत अमलात आणाव्यात असा आदेश दिला. हे सर्व योग्य झाले, आणि ते होण्यासाठी ज्यांनी लेखणी झिजविली त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि या सर्व हुकमांचे तोंड एकाच दिशेस आहे, हेही ध्यानात घ्यावे. उद्या जी शस्त्रक्रिया व्हावयाची आहे ती अडविण्याची, निदान तपासण्याची, व्यवस्था त्यांत आहे; काल, परवा, दहा-पंधरा वर्षांपूर्वी जी होऊन गेली तिच्या परिणामांची विचारपूस करण्याची नाही. त्या १३,८६१ स्त्रिया मोजल्या गेल्या. त्यांतील बहुतेकींच्या पुढे अजून तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य आहे, आणि ते त्यांना याच शरीरानिशी काढावयाचे आहे.

या शस्त्रक्रिया इतक्या का झाल्या, याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. येथे थोडक्यातच सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाची आगाऊ उचल, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या चार दिवसांत ना आडोसा, ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई तालुक्याच्या गावी दवाखाना गाठते. तेथे सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून 'पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल' असे सांगितले जाते. पोरे झालेली असतात, नसबंदी झालेली असते, आणि दर महिन्याच्या खाड्यापेक्षा एकदाचा खर्च बरा असा हिशेब घरात होतो. ज्या तक्रारींसाठी हे घडते त्यांतील बऱ्याचशा साध्या जंतुसंसर्गाच्या असतात, आणि जंतुसंसर्गाला औषध आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे प्रसिद्ध केले, ते या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे: शंभरांपैकी ब्याण्णव स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या शंभरांत जेमतेम आठ होत्या. रोगांची एवढी व्याप्ती आणि तपासणीचा एवढा अभाव यांच्या मधल्या पोकळीत पुढे चाकू शिरला, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि शस्त्रक्रियेनंतर जी पोकळी उरते ती याहून वेगळी नाही. तेथेही तपासणीच होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. आपणांस शरीरशास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु हे पत्र वाचणाऱ्या स्त्रियांसाठी, मला एका समजूतदार डॉक्टरबाईंनी जसे सांगितले तसे, ते लिहिणे भाग आहे. गर्भाशय हे ओटीपोटात सुटे ठेवलेले नसते. पुढे मूत्राशय, मागे मलाशय, आणि मधोमध गर्भाशय व योनिमार्ग, असे हे सर्व अवयव कंबरेच्या हाडांपासून निघालेल्या बंधांनी वर धरलेले असतात, व त्यांच्या खाली स्नायूंचा थर असतो. गर्भाशय काढताना त्याला धरणारे बंध कापावे लागतात. कुशल शल्यविशारद ते बंध योनिमार्गाच्या शिवलेल्या वरच्या टोकाला पुन्हा घट्ट जोडून देतो, आणि तसे झाले म्हणजे पुष्कळदा आयुष्यभर काही होत नाही. परंतु जोडणी घाईत झाली, किंवा आधीच्या बाळंतपणांनी खालचे स्नायू सैल झालेले असले, किंवा पुढे वर्षानुवर्षे ओझे वाहिले गेले, जुनाट खोकला वा मलावरोध राहिला, तर ते वरचे टोक हळूहळू आत वळून खाली उतरू लागते, जशी पिशवीची तळाशी धरलेली शिवण सुटून कापड आतून बाहेर येते. त्याच्याबरोबर मूत्राशय वा मलाशयही ओढले जाते. हे शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी होईल, वीस वर्षांनीही होईल. आणि ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्या दृष्टीने तोपर्यंत ते प्रकरण निकाली निघालेले असते.

याची लक्षणे स्त्रिया आपापल्या शब्दांत फार अचूक सांगतात, फक्त ती ऐकून घेणारा पाहिजे. 'खाली काहीतरी उतरल्यागत वाटतं, दुपारनंतर वाढतं, आडवं झालं की बरं वाटतं.' 'खोकलं की लघवी होते.' 'लघवीला बसलं तर लागत नाही, हातानं आत लोटलं की लागते.' 'कंबर आतून ओढते.' यांतले मधले दोन अनुभव कोणाही परक्या माणसापुढे सांगणे किती कठीण असेल याची आपण कल्पना करावी. मूत्राशय पुरते रिते होत नाही म्हणून वारंवार जळजळ होते, ताप येतो. फडावर वा प्रवासात लघवीला जाण्याची सोय नाही म्हणून बाई पाणीच पीत नाही, आणि त्याने ती जळजळ अधिकच वाढते. ज्यांचे बीजकोशही गर्भाशयाबरोबर काढले गेले त्यांची गोष्ट आणखी निराळी. तिशी-पस्तिशीत त्यांचा ऋतुकाल एका दिवसात संपतो. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, योनिमार्ग कोरडा पडतो, हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि पुढे हृदयविकाराचा धोकाही वाढतो. बीजकोश राखले असले तरी त्यांचा रक्तपुरवठा काही अंशी घटल्याने ऋतुनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते. राखलेल्या बीजकोशाला गाठ होऊ शकते, तो व्रणापाशी चिकटून दुखू शकतो. पतिपत्नींच्या सहवासात वेदना होऊ लागतात, आणि ते कारण न कळल्याने घरात जो दुरावा शिरतो त्याचा दोषही बहुधा बाईच्याच माथी येतो. 'पिशवी काढली, आता तिच्यात काय राहिलं' हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत.

आणि या सर्वांवर ज्या शरीराने मोळ्या वाहावयाच्या ते शरीर हेच असते. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर, समोर ट्रकला टेकविलेली अरुंद फळी, आणि त्या फळीवरून दिवसभर चढ-उतर. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड उचलू नये हे कागदावर लिहिलेले असते. उचल घेतलेल्या बाईला ते आठवडे कोण देणार? ज्या ऊसतोडीस जात नाहीत त्यांनाही या जिल्ह्यात पाण्याची घागर चुकलेली नाही. दुष्काळाच्या वर्षी टँकरपासून घरापर्यंत ती डोक्यावरूनच येते.

माझ्या बाबतीत ही लक्षणे साठीच्या सुमारास सुरू झाली. प्रथम संध्याकाळच्या वेळी जडपणा, मग एस.टी.च्या प्रवासात लघवी न आवरणे, मग उभ्याने शिकवण्याची आयुष्यभराची सवय असूनही अर्धा तास उभे राहणे अशक्य होणे, असा तो क्रम होता. मी ज्या दवाखान्यांत गेले त्यांची नावे येथे घेणार नाही, कारण दोष एकट्यादुकट्याचा नाही. बहुतेक ठिकाणी मला झोपवून सोनोग्राफी झाली, 'गर्भाशय नाही, बाकी सर्व ठीक' असा अहवाल मिळाला, आणि 'पिशवीच नाही तर दुखेल कशाला, वयाचं आहे' असे सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या गेल्या. अखेर सोलापुरात एका डॉक्टरबाईंनी पडदा ओढून माझी प्रत्यक्ष तपासणी केली. मला जोर करावयास लावले, खोकावयास लावले, उभे करूनही पाहिले. आणि योनिमार्गाचे वरचे टोक मूत्राशयासह खाली आले आहे हे त्यांना तेवढ्यात कळले. त्या तपासणीला यंत्र लागले नाही. लागला तो थोडा वेळ, एक पडदा, आणि रुग्णाचे म्हणणे खरे असू शकते हा विश्वास.

उपचारही फार दुर्मीळ नव्हते. एक मऊ रबरी रिंग, जी आत बसवून खाली येणारा भाग वर धरून ठेवते आणि ठरावीक काळाने काढून, धुऊन पुन्हा बसविता येते. कोरडेपणासाठी आतून लावावयाचे संप्रेरकाचे मलम. आणि व्यायाम. १९४८ साली आर्नल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहिलेला हा व्यायाम इतका साधा आहे की तो चुलीपाशी बसूनही करता येतो: वारा वा लघवी रोखून धरताना ज्या स्नायूंना आपण आवळतो तेच स्नायू श्वास न कोंडता आवळावे, काही क्षण धरावे, तितकाच वेळ सैल सोडावे, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने खंड न पाडता. पुष्कळ स्त्रिया प्रथम चुकीचे स्नायू, म्हणजे पोट किंवा मांड्या, आवळतात. म्हणून एकदा कोणी जाणत्या बाईने प्रत्यक्ष शिकविणे अवश्य आहे. या तीन उपायांनी माझे सर्व दुखणे गेले असे मी म्हणणार नाही. परंतु मी पुन्हा कळंबहून धाराशिवपर्यंत एस.टी.ने येऊ शकते, लग्नाकार्यात बसू शकते, आणि पाणी पिते. ज्यांना एवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी खाली आलेले टोक कंबरेच्या हाडाला वा तेथील बंधांना बांधण्याच्या शस्त्रक्रिया आहेत, आणि त्या मोठ्या रुग्णालयांत होतात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तरुण स्त्रीचे अंग बाहेर येत असता गर्भाशय काढून न टाकता ते पट्टीने वर बांधून राखावे, यासाठीच्या नामांकित शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात ते डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे हे दोघेही मुंबईचे. गर्भाशय राखण्याची विद्या ज्या महाराष्ट्रात घडली, त्याच महाराष्ट्रातील खेड्यांत ते काढून टाकण्याची अशी लाट यावी याचे मला मनापासून दुःख होते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांत रिंग आणि व्यायाम यांची वाट पाहू नये. गर्भाशय काढल्यावर काही वर्षांनी पुन्हा रक्त दिसणे; लघवी थेंबथेंब अखंड गळत राहणे; लघवी अजिबात न होणे; थंडी वाजून ताप आणि कुशीत कळ; पोट फुगत जाऊन भूक मंदावणे; यांतले काहीही झाले तर बाईने ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि आपले गर्भाशय काढले आहे हे स्वतःहून सांगावे. उलट, कंबरेची प्रत्येक कळ याच कारणाची असते असेही नाही. मणक्याचे दुखणे, मुतखडा, आतड्याचे विकार हेही असतात, आणि ते ओळखण्यासाठीच तपासणी हवी.

आता आपल्या कचेरीशी ज्याचा थेट संबंध आहे त्या गोष्टीकडे येते. ती म्हणजे कागद. सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की शस्त्रक्रियेत बीजकोश काढले की ठेवले, आणि गर्भाशयमुख राखले की नाही. मला सांगता आले नाही, कारण घरी जपून ठेवलेल्या डिस्चार्ज कार्डावर तारीख, शस्त्रक्रियेचे नाव आणि गोळ्या यांपलीकडे काही नव्हते. ज्या रुग्णालयात ती झाली तेथे मूळ नोंदी मिळाल्या नाहीत, आणि त्यांनी काही नियमबाह्य केले असेही नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षे सांभाळावयाच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्यावयाच्या असतात. कागदाचे आयुष्य तीन वर्षांचे, आणि ज्या दुखण्यासाठी तो कागद लागतो ते दुखणे उगवते दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी. या दोन मुदतींच्या मध्ये आमच्यासारख्या स्त्रिया अडकलेल्या आहेत. त्याचे परिणाम केवळ माहितीपुरते नाहीत. जिचे गर्भाशयमुख राखलेले आहे तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी इतर स्त्रियांइतकीच लागू आहे. परंतु 'पिशवी काढली, आता कॅन्सरचं भय नाही' अशी पक्की समजूत असल्याने ती त्या तपासणीस येतच नाही. जिचे बीजकोश तिशीत काढले गेले तिला ऋतुनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके द्यावीत काय, तिच्या हाडांकडे केव्हापासून लक्ष द्यावे, हे ठरविता येत नाही, कारण मुळात ते काढले गेले हेच कोणाला ठाऊक नसते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की, गर्भाशय-शस्त्रक्रियांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीकडे प्रत्येक रुग्णालयाने पाठवावयाचा तपशील केवळ वय आणि कारण एवढ्यावर थांबू नये. काय काढले, काय राखले, आणि वरचे टोक कशाला जोडले, हे त्यात असावे, त्याची एक प्रत मराठीत त्या बाईच्या हाती द्यावी, आणि आपल्या दप्तरात ती तीन वर्षांनी नष्ट न करता कायम राखावी. जमिनीचा सातबारा पिढ्यानुपिढ्या जपणाऱ्या प्रशासनाला हे अशक्य नाही. ज्यांच्या शस्त्रक्रिया आधीच झाल्या आहेत त्यांच्यासाठी आशाताईंच्या घरोघरच्या भेटीत दोनच प्रश्न वाढवावेत: पिशवी काढलेली आहे काय, आणि त्यानंतर खाली उतरणे, लघवी न आवरणे वा रक्त जाणे असे काही आहे काय. प्रश्न विचारणारी बाई गावातलीच असावी आणि तिने तो एकांतात विचारावा. उंबऱ्यावर, नवऱ्यादेखत विचारलेल्या प्रश्नाला 'काही नाही' हेच उत्तर मिळणार.

दुसरी विनंती तपासणीची. आठवड्यातून एक ठरलेला दिवस धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात, आणि निदान पंधरवड्यातून एक दिवस कळंब व परंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत, केवळ या तक्रारींसाठी राखावा. तेथे स्त्री डॉक्टर असाव्यात, आडोसा असावा, मापामापाच्या रिंगा असाव्यात, आणि व्यायाम शिकविण्यासाठी एक परिचारिका तयार केलेली असावी. शस्त्रक्रियेची गरज असेल तिला लातूर वा सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात लेखी चिठ्ठीनिशी पाठवावे, म्हणजे तिला पुन्हा आरंभापासून सर्व सांगत बसावे लागणार नाही. ऊसतोड स्त्रियांसाठी हा दिवस दसऱ्यापूर्वी आणि पट्टा पडल्यावर असा दोनदा मोठ्या प्रमाणावर भरवावा. जिचा भाग उतरलेला आढळेल तिला मोळी वाहण्यापासून सूट मिळावी असा दाखला आपल्या सहीशिक्क्याने द्यावा, आणि तो मुकादमाने व कारखान्याने मान्य करावा म्हणून ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाशी पत्रव्यवहार करावा. दाखल्यामुळे उचलीचे कर्ज फिटणार नाही हे मी जाणते. पण आज त्या बाईजवळ मुकादमापुढे ठेवावयास काहीच नाही. उद्या निदान एक सरकारी कागद असेल.

मनुष्यबळ नाही असे उत्तर येईल, आणि ते खोटेही नसेल. परंतु या जिल्ह्याने यापूर्वी साध्या बायकांवर मोठी कामे सोपविली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात घरांच्या पुनर्बांधणीत गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या, आणि अभियंत्यांशी त्यांनी विटा-लोखंडाचा हिशेब केला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने शाळा फारशी न पाहिलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून गावांत काम करावयास लावले. रिंग धुऊन पुन्हा बसविणे आणि व्यायाम शिकविणे, ही कामे त्याहून अवघड नाहीत. आणि ज्या बाईने ती स्वतःच्या शरीरावर केली आहेत ती दुसरीला अधिक चांगल्या रीतीने शिकवील.

माझ्या ओळखीच्या ज्या स्त्रिया या दुखण्यासह दिवस काढीत आहेत, त्यांपैकी काहींनी तपासणीस येण्याची तयारी दर्शविली आहे. त्यांची नावे या जाहीर पत्रात येणे उचित नाही. त्यांच्या संमतीने ती मी स्वतंत्र बंद लिफाफ्यात आपल्या कचेरीत रुजू करीन. तपासणीचा दिवस ठरल्यास त्या दिवशी बाहेर बसून अर्ज लिहून देण्याचे व नवख्या बायकांना धीर देण्याचे काम मी आनंदाने करीन. त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही. दिवस कोणता आणि तो केव्हापासून, हे कृपया दसऱ्याच्या आत कळवावे, कारण त्यानंतर या बायका फडावर गेलेल्या असतील.



आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका कळंब, जिल्हा धाराशिव